खारे बांगडे गटारीपर्यंत टिकवायचे कसे? मदत हवी आहे

आम्ही दोघंच, मालवणजवळ. हे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीला जातात. वाट्याला आलेले बांगडे मी उन्हाळ्यात खारवते, म्हणजे मासेमारी बंद असली तरी गटारीला घरी जमणाऱ्या माणसांना पोटभर वाढता येतं. पण पाऊस स्थिरावला की मीठ पाझरतं, कल्ल्यांपाशी गुलाबी चिकट थर येतो. असे सरळ टाकून देते, खाण्यात धोका नको.

१ किलोला पाव किलो जाडं मीठ, कडकडीत ऊन, चिनी मातीची बरणी, चुलीवरचा माळा, सगळं करून झालं. वीज सारखी जाते, त्यामुळे फ्रीजर नको. व्हिनेगरही नको, चव जाते.

मीठ वाढवू का? आणि सुटलेलं पाणी निथळून टाकायचं, की बांगडे त्यातच दाबून बुडवून ठेवायचे?