अंगणवाडीत पट्टी पिवळी आली, दवाखान्यात म्हणतात ठीक आहे. कोणाचं ऐकू?

रानजाई: आज उपकेंद्राच्या सिस्टर अंगणवाडीत आल्या होत्या. मुलीच्या दंडाला पट्टी लावली, पिवळ्यात आली म्हणाल्या. दर आठवड्याला मोजायला आणा म्हणतात. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी वजन केलं नि सांगितलं, काही नाही, टॉनिक द्या. सासूबाई म्हणतात पोर खेळतेय ना, मग झालं. लवकर सांगा, सकाळी कामावर निघायचंय.

मिहूची आई: वय? वजन? पट्टीवर आकडा किती? हे न सांगता कसं कळणार?

कोयनाकाठ: टॉनिक-बिनिक सोडा. नाचणीचं सत्त्व, वर तूप-गूळ, दिवसातून दोनदा. माझी दोन्ही पोरं त्यावरच वाढली.

रानजाई: तीन वर्षं पूर्ण. ११ किलो. पट्टीचा आकडा कार्डावर १२.१ सेंमी लिहिलाय.

निवृत्त परिचारिका: वजनाबद्दल डॉक्टर चुकले नाहीत. तीन वर्षांच्या मुलीचं वजन १०.८ किलोच्या खाली गेलं की कमी धरतात, तुमची जेमतेम वर आहे. पण दंडघेर ११.५ ते १२.५ सेंमीच्या आत म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. ११.५ च्या खाली सॅम, तीव्र कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षं हेच आकडे लागू. नुसत्या वजनावर रोडपणा कळत नाही, उंचीही मोजून घ्या. सिस्टरनी पावलांवर अंगठा दाबून पाहिला का? दोन्ही पायांवर खळगा राहिला तर ती सूज. मग पट्टी हिरवी असली तरी लगेच दवाखाना.

सडेतोड: नर्सबाईंना निदान करायचा अधिकार कुणी दिला? डॉक्टर ठीक म्हणाले, विषय संपला.

निवृत्त परिचारिका: निदान नाही हो, तपासणी. डॉक्टरांकडे पोर आजारी पडल्यावर जातं, सिस्टर त्याला आधीपासून बघत असते. रानजाई, अलीकडे काही दुखणं? जंताची गोळी? दीड वर्षानंतरचा डीपीटी बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस?

रानजाई: लसी झाल्यात. गोळ्या दिल्या तेव्हा ती मामाकडे होती. मागच्या महिन्यात जुलाब झाले होते.

मिहूची आई: अहो, हे आधी नाही का सांगायचं!

निवृत्त परिचारिका: जुलाबाचं सिस्टरना नक्की सांगा, राहिलेली गोळी मागा. आरबीएसकेचं, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हा डॉक्टरही तिला तपासतील. तोवर आठवड्याची मोजणी चुकवू नका.

सडेतोड: कामावर जाणाऱ्या बाईनं दर आठवड्याला जायचं कसं, ते सांगा आधी.

कोयनाकाठ: नाचणी तरी आजपासून सुरू करा.

निवृत्त परिचारिका: आजीनं नेलं तरी चालतं. कार्ड सोबत द्या.

रानजाई: जुलाब थांबलेत, पायाचं बघितलं, खळगा पडत नाही. सासूबाईंना विचारते. दंडघेर नेमका कुठे मोजतात?

निवृत्त परिचारिका: डावा दंड, खांदा नि कोपर यांच्या बरोबर मध्ये. हात सैल सोडलेला हवा.