रिचार्ज बंद केला, जुन्याच छत्रीवर फ्री डिश लागेल का?

प्रश्न (मानेवाडा):
मागच्या महिन्यात पैशांचं डीटीएच बंद केलं. आई दिवसभर सह्याद्रीच पाहते, बाकी चॅनेलचे पैसे उगाच जात होते. डीडी फ्री डिशचा डबा आणून जोडला, पण सिग्नल शून्य. आई रोज विचारते, "लागलं का रे?" छत्री नवी घ्यावी लागेल का?

उत्तर (महाल):
नाही हो दादा, छत्री तीच चालते, फक्त फिरवावी लागते. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, ९३.५ अंश पूर्वेला. तुमची छत्री जुन्या कंपनीच्या उपग्रहाकडे पाहत असेल. नागपुरातून हा आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर आहे. छत्रीचं तोंड मात्र तेवढं वर दिसत नाही, तिची घडणच तशी असते. त्यावरून फसू नका. डब्याच्या सेटिंगमध्ये एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा भाग) ९७५०/१०६०० ठेवा. माझा नट गंजला होता, आदल्या रात्री खोबरेल सोडलं तेव्हा सकाळी हलला. केसभर फिरवा, थांबा, खाली कोणाला तरी टीव्हीवर सिग्नलचा आकडा वाचायला बसवा. घाईनं फिरवलं की सिग्नल येऊन निघून जातो, कळतही नाही.

उत्तर (हिंगणा रोड):
डबा एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वाला आहे ना? जुन्या एमपीईजी-२ डब्यावर सगळे चॅनेल येत नाहीत.

प्रश्नकर्ता:
एमपीईजी-४च आहे. काका, आज सकाळी लागलं! पुतण्या खालून आकडे ओरडत होता, बासष्टवर नट आवळला. आईनं चहा बाजूला ठेवला नि आधी सह्याद्रीच लावायला सांगितलं. मनापासून आभार.