३.०८ काढून ३.७३ टाकू की थेट ४.१०?

पाचलिटर (धागाकर्ता)
गाडी १९८९ ची मस्टँग. पाच लिटरचं व्ही-८, टी-५ गिअरबॉक्स, मागे ८.८ इंची अ‍ॅक्सल. अ‍ॅक्सलचा रेशो ३.०८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे ३.०८ फेरे. इंजिन कंपनीचंच आहे, एक्झॉस्ट तेवढा मोकळा केलाय. टायर २२५/६० आर १५. गाडी रोज रस्त्यावर असते, अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर (पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर) नेतो. तक्रार एकच: पाचव्या गिअरमध्ये गाडीत जीवच राहत नाही, ओव्हरटेक करायचं म्हटलं की थेट तिसऱ्यात यावं लागतं. माझा कल ३.७३ कडे आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, डिफ (मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरपेटी) उघडतोच आहेस तर ४.१० टाकून मोकळा हो. आकडे धरून कोणी बोलेल का?

क्वार्टरमैल
४.१०. ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट वेगाने फिरवणारा पाचवा गिअर) असताना घाबरण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. तुमच्या टायरचा घेर साधारण २.०५ मीटर, म्हणजे ताशी १०० ला चाक मिनिटाला ८१३ फेरे मारतं. पाचवा गिअर ०.६८ चा. गुणाकार करा: ३.०८ ला इंजिन १७०० वर, ३.७३ ला २०६० वर आणि ४.१० ला २२७० वर. २२७० आरपीएमला कुठलं व्ही-८ ओरडतं? ज्या काळात टॉप गिअर १.०० चाच असायचा तेव्हा ४.१० म्हणजे ३३३० आरपीएम व्हायचे आणि डोकं उठायचं. ती भीती तेव्हाची आहे, लोक अजून तीच उगाळतात.

लांबपल्ला
पाचव्याचा हिशोब केलात, पहिल्याचा कोण करणार? टी-५ चा पहिला ३.३५. त्याला ३.०८ ने गुणलं तर १०.३, ३.७३ ने १२.५, ४.१० ने १३.७. या इंजिनाचा जोर खालीच आहे, ४०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क ३२०० च्या आसपास मिळतो. १३.७ ने गुणलेला तो टॉर्क २२५ चा टायर पेलणार आहे का? चाक जागेवर फिरेल, धूर निघेल आणि लोकांना वाटेल गाडी फार पळते. शिवाय ५५०० ला गिअर बदलायचा म्हटलं तर ४.१० वर पहिला गिअर ताशी ४९ लाच संपतो. सिग्नल सुटला, वळण घेताय, आणि चौकाच्या मधोमध दुसरा टाकायची वेळ. ३.०८ वर तोच गिअर ६५ पर्यंत जातो. रोजच्या गाडीत हे दिवसातून कितीदा होतं ते मोजा. स्ट्रिपवर तुम्ही वर्षातले किती तास असता?

माझं मत ३.२७, फार तर ३.५५.

क्वार्टरमैल
पहिल्यात चाक फिरतं हा टायरचा दोष, रेशोचा नाही. चांगला चिकट टायर घाला आणि पाय जरा आवरा. आणि ३.२७ साठी डिफ उघडायचा? ३.०८ वरून तो बदल जेमतेम ६ टक्के. एवढ्यासाठी बेअरिंग, सील, मजुरी सगळं करायचं आणि शेवटी गाडीला फरक पडलाय की नाही हे मित्राला विचारायचं!

डिफवाला
३.२७ बद्दल क्वार्टरमैल यांचं बरोबर आहे. दहा टक्क्यांखालचा बदल पायाला फारसा जाणवत नाही. ३.०८ वरून ३.७३ म्हणजे २१ टक्के, तो दुसऱ्या चौकापर्यंत कळतो. ४.१० मात्र ३.७३ च्या पुढे १० टक्केच आहे. मग त्या शेवटच्या दहा टक्क्यांसाठी काय मोजावं लागतं ते बघू.

पहिलं, ड्राइव्ह शाफ्ट. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो, तो फक्त इंजिनाला आराम देतो. शाफ्टला तो काही दिलासा देत नाही, कारण शाफ्ट चाकाच्या फेऱ्यांना अ‍ॅक्सलच्या आकड्याने गुणून फिरतो. ताशी १२० ला ३.०८ वर शाफ्ट ३००० आरपीएमने फिरतो, ४.१० वर ४००० ने. आजवर न जाणवलेला जुन्या शाफ्टचा किंवा युनिव्हर्सल जॉइंटचा किंचित असमतोल तिथे थेट सीटखाली थरथरतो. मग लोक क्राउन-पिनियनला (डिफमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेचक्राच्या जोडीला) शिव्या घालतात.

दुसरं, दाते. ४.१० म्हणजे क्राउनला ४१ आणि पिनियनला १०. ३.७३ म्हणजे ४१ आणि ११. क्राउनचा आकार तोच, म्हणून रेशो वाढवायचा तर पिनियन बारीक होत जातो. पुष्कळांना प्रश्न पडतो की सरळ ४.०० का घेत नाहीत. ४० ला १० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे पिनियनचा एक दाता आयुष्यभर क्राउनच्या त्याच चार दात्यांना भेटतो आणि एखाद्या दात्याची खोड तिथेच मुरते. ४१ आणि १० मध्ये प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो, झीज सारखी होते.

एक गोष्ट मात्र मोठ्या आकड्याच्या बाजूने सांगतो, कारण ती कोणी बोलत नाही. टायर घसरायला चाकावर जेवढा टॉर्क लागतो तो ठरलेला. अ‍ॅक्सलचा आकडा मोठा असेल तर तेवढाच टॉर्क चाकावर आणताना गिअरबॉक्सवर आणि शाफ्टवर कमी ताण येतो, म्हणजे क्लचचा धक्का टायर आधी सोडतो. टी-५ हा काही फार दणकट गिअरबॉक्स नव्हे, त्याला ३.०८ पेक्षा ३.७३ मानवतो.

ऑटोवाला
माझ्या त्याच पिढीच्या गाडीत ऑटोमॅटिक आहे आणि ३.७३ हा मी केलेला सगळ्यात समाधानाचा बदल. जागेवरून उठताना गाडी वेगळीच वाटते. डोळे मिटून घ्या.

लांबपल्ला
ऑटोमॅटिकचा अनुभव मॅन्युअलवाल्याला जसाच्या तसा देऊ नका. तुमच्या चार गिअरच्या एओडी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला २.४० चा, म्हणजे ३.७३ वरही गुणाकार ९ च्या आतच. यांचा आजच १०.३ आहे. उठतानाचा बाकीचा जोर तुम्हाला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला ऑइलवर चालणारा जोड) देतो. तुम्हाला जिथे कमतरता होती तिथे यांना ती नाहीच, यांची तक्रार पाचव्या गिअरची आहे.

पाचलिटर
हे अगदी बरोबर पकडलंत. जागेवरून मला काहीच कमी पडत नाही. पण स्ट्रिपवर ४.१० ने वेळ सुधारेल ना?

डिफवाला
शेवटच्या रेषेवरून उलटं मोजा. कंपनीच्या इंजिनाने ही गाडी पाव मैल ताशी १५० च्या आसपास संपवते. तेव्हा चौथ्यात, म्हणजे १.०० वर, ३.०८ ला इंजिन ३७५० वर असतं, ३.७३ ला ४५५० वर आणि ४.१० ला ५००० वर. या इंजिनाची २२५ अश्वशक्ती ४२०० ला येते. ३.७३ वर तुम्ही रेषा ओलांडता तेव्हा इंजिन शिखराच्या जरा पुढे असतं. ४.१० वर ते शिखर उतरून बरंच खाली आलेलं असतं आणि वर तुम्ही फक्त गोंगाट विकत घेतलेला असतो. रेशोने अश्वशक्ती वाढत नाही, इंजिन त्या वेगाला कुठल्या आरपीएमवर आहे एवढंच तो ठरवतो.

क्वार्टरमैल
कंपनीच्या इंजिनाला हे मान्य. पण मोकळ्या एक्झॉस्टवर कोणी थांबतं का? उद्या नवे सिलिंडर हेड येतील, मोठा कॅम (झडपा उघडणारा दांडा) येईल, शिखर ५५०० च्या वर जाईल. तेव्हा ३.७३ वर रेषेपाशी इंजिन नुकतं जागं होत असेल. शिवाय मोठ्या कॅमचं इंजिन १७०० वर हिसके मारतं, त्याला हायवेवरसुद्धा २२०० च लागतात. डिफ दोनदा उघडायचा नसेल तर आजच ४.१०.

लांबपल्ला
न आलेल्या कॅमसाठी आजपासून रोज शिक्षा कशाला? आणि तो येईल तेव्हा हेही लक्षात असू द्या की अशा इंजिनाने गाडी रेषेवर १५० ने नाही, त्याहून वेगाने पोचेल. तो वेग घेऊन पुन्हा गुणाकार करा, ३.७३ इतका मागे पडत नाही. मी ३.५५ म्हणत होतो. डिफवाले यांचा गिअरबॉक्सच्या ताणाचा मुद्दा पाहून ३.७३ ला माझी हरकत नाही. ४.१० ला आहे.

पाचलिटर
कॅमचा विचार सध्या तरी नाही. ३.७३ मागवतो. बसवताना काय सांभाळू?

डिफवाला
अर्धं काम बसवण्यात आहे. काढण्याआधी जुन्या पिनियनची शिम (त्याची खोली ठरवणारी पातळ चकती) मोजून ठेवा, नव्याला तिथूनच सुरुवात करता येते. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२५ मिमीमध्ये आणा, तोही क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजून. दात्यांना रंग लावून ठसा बघितल्याशिवाय कव्हर लावू देऊ नका. ठसा दात्याच्या मधोमध हवा. टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला असेल तर पिनियनची खोली चुकलीय आणि गाडी एका ठरावीक वेगाला हूं करत राहील. ऑइल कितीही बदललं तरी तो आवाज जात नाही.

क्रश स्लीव्ह (पिनियन आवळताना दबणारी नळी) नवीच वापरा. ८.८ मध्ये ३.०८ चा कॅरिअरच (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) ३.७३ ला चालतो, तो खर्च वाचला. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवून डिफ पूर्ण गार होऊ द्या, ८०० किमीला ऑइल बदला. आणि गिअरबॉक्सवरचा स्पीडोमीटर केबलचा छोटा प्लास्टिक गिअर त्याच दिवशी बदला, नाहीतर गाडी १०० ला असताना काटा १२१ दाखवेल.

क्वार्टरमैल
कॅम घातलात की याच धाग्यावर सांगा. माझं उत्तर तेव्हाही ४.१० च असेल.