हेरपट संपला, पण डोक्यातून जाईना: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, परवा रात्री ‘द लाइव्हज ऑफ अदर्स’ पाहिला. 2006 चा जर्मन चित्रपट, म्हणजे तसा जुना, पण मी पहिल्यांदाच पाहिला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. घरात सगळ्यांना सांगून झालं, आता इथे सांगतो.

1984 चं पूर्व बर्लिन. तिथली गुप्त पोलीस यंत्रणा म्हणजे स्टासी. तिचा कॅप्टन गेर्ड वीसलर एका नाटककाराच्या घरात मायक्रोफोन बसवून घेतो आणि त्याच इमारतीच्या माळ्यावर हेडफोन लावून बसतो. बाकी मारामारी नाही, गाड्यांचा पाठलाग नाही. एक माणूस ऐकतो आणि अहवाल टाइप करतो. दोन तासांहून जास्त वेळ मी जागचा हललो नाही.

सुरुवातीलाच चौकशीचा प्रसंग आहे. कैद्याला तळहात मांड्यांखाली दाबून बसायला लावतात. चौकशी संपली की खुर्चीवरचं कापड काढून काचेच्या बरणीत भरतात. उद्या हा पळालाच, तर कुत्र्यांना वास द्यायला. आपल्याकडे लोणचं भरताना जशी निगुतीने बरणी बंद करतात ना, तशीच ती बंद होते. माझ्या अंगावर काटा आला.

पण मला खरं हलवलं ते लिफ्टने. चेंडू घेऊन एक पोरगा आत येतो आणि वीसलरला सरळ विचारतो, तुम्ही स्टासीत आहात का? बाबा म्हणतात, ती वाईट माणसं असतात. वीसलर सवयीने सुरू करतो, “नाव काय रे तुझ्या...” आणि मध्येच थांबतो. मुलगा वाट बघतोय. मग तो विचारतो, तुझ्या चेंडूचं. चेंडूला कधी नाव असतं का, असं पोरगं म्हणतं, आणि विषय संपतो. बापाचं नाव विचारलं असतं तर एक घर उद्ध्वस्त झालं असतं. वीसलर झालेल्या उलरिश म्यूहेच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही, तरी आतला माणूस बदललाय हे आपल्याला कळतं. असा अभिनय मी फार थोडा पाहिलाय.

म्यूहे स्वतः पूर्व जर्मनीतला नट. 4 नोव्हेंबर 1989 ला अलेक्झांडरप्लाट्झवर जी प्रचंड निदर्शनं झाली, तिथे तो बोलला होता. पाचच दिवसांनी बर्लिनची भिंत उघडली. 2007 च्या फेब्रुवारीत चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि जुलैत तो गेला. वय 54. हे वाचून फार वाईट वाटलं.

तर तुम्हीही लिहा. अलीकडे पाहिलेला किंवा पहिल्यांदा पाहिला तेव्हा झोप उडवणारा कुठलाही हेरपट चालेल. परीक्षण नको, गोष्टही नको. तुमचं काय झालं ते हवं. आणि कृपा करून शेवट फोडू नका.

बर्लिनहून

दादा, तुम्ही माझ्याच गावाबद्दल लिहिलंत म्हणून राहवलं नाही. इथे आल्यावर जर्मन सुधारावं म्हणून मी हा चित्रपट पाहिला आणि पुढच्याच सुट्टीला लिश्टेनबर्गमधलं स्टासीचं जुनं मुख्यालय बघायला गेले. तिथे आता संग्रहालय आहे. स्टासीचा मंत्री एरिश मील्के याचं ऑफिस जसंच्या तसं ठेवलंय. भिंतींना लाकडी फळ्या, पिवळट पडदे, ओळीने मांडलेले टेलिफोन. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर दिसेल. दिसलं ते एखाद्या सरकारी कचेरीसारखं. त्याची न्याहारी टेबलावर कशी मांडायची याचं आकृती काढलेलं कार्डसुद्धा तिथे आहे. बशी इथे, अंडं इथे. ज्या यंत्रणेत 1989 मध्ये सुमारे 91 हजार पगारी माणसं होती, तिचा मुख्य माणूस असा अंड्याच्या जागेबद्दल काटेकोर. पाणी घालायच्या झारीत लपवलेला कॅमेराही पाहिला, पण मी खिळले ती त्या कार्डापाशी.

15 जानेवारी 1990 ला लोक याच आवारात घुसले. फायली नष्ट होण्यापासून बचावल्या म्हणून 1992 पासून ज्याची त्याला स्वतःची फाइल वाचता येऊ लागली. एकूण कागद 111 किलोमीटर लांबीचे भरतात. माझ्या शेजारच्या आजींनी त्यांची फाइल अजून मागवलेली नाही. का, ते मी विचारलं नाही. चित्रपट पाहिला नसता, तर कदाचित विचारून बसले असते.

ठाणे

आम्ही ‘राझी’ पाहिला, मी आणि सासूबाई दोघींनीच. 2018 ला आला तेव्हा मुलगी तान्ही होती, त्यामुळे राहूनच गेला होता.

मला वाटलं होतं, देशभक्तीचा सिनेमा असेल, टाळ्या वाजवू आणि उठू. पण मेघना गुलजारने काय करून ठेवलंय! 1971 च्या युद्धाआधी काश्मिरातली एक विशीतली पोरगी लग्न करून पाकिस्तानी लष्करी घराण्यात जाते, बातम्या पाठवायला. आणि ते सासर चांगलं आहे हो! सासरा जीव लावतो, नवरा समजूतदार आहे. आपली अमृता खानविलकर तिची जाऊ झालीय, तीही गोड. एकजण जरी खाष्ट दाखवला असता, तरी बघणं सोपं गेलं असतं.

ती पोरगी, सेहमत, घरच्या नोकराच्या, अब्दुलच्या मागे जीप घेऊन निघते, तिथे सासूबाईंनी माझा हात धरला आणि प्रसंग संपेपर्यंत सोडला नाही. मग ती घरी येऊन कोसळते. आलियाचं ते रडणं नेहमीचं सिनेमातलं रडणं नाही, त्यात श्वासच लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोर आहे ती. हिच्या आईला कोणी सांगायचं?” पडद्यावरची आई ही आलियाची खरी आई, सोनी राझदान. हे मी त्यांना नंतर सांगितलं, तर पुन्हा डोळे पुसले.

‘ऐ वतन’ शाळेतली मुलं म्हणतात तो प्रसंग मी नंतर पुन्हा लावला. मुलांचा वतन वेगळा, तिला मनात म्हणायचाय तो वेगळा, आणि एकच गाणं दोघांना पुरतं. गुलजारांनी ते कसं साधलं असेल!

साताऱ्याहून

ताई, तोच सिनेमा मी बाबांबरोबर पाहिला. बाबा सैन्यात सिग्नल्सला होते, शिक्षण जबलपूरला झालेलं. सिनेमा त्यांना फारसा आवडत नाही, पेपर वाचत बसले होते. सेहमत मोर्स, म्हणजे टिंब-रेघांच्या ठोक्यांची संदेशभाषा, शिकायला लागली तसा पेपर खाली आला. थोड्या वेळाने बघतो तर त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू. एवढ्या वर्षांनी!

नंतर जेवताना त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो म्हणे. कोणी टिंब तोडून देतो, कोणाची रेघ रेंगाळते. समोरचा बदलला की नाव न सांगताही कळायचं. त्यांच्या एका जोडीदाराला ते नुसत्या ठोक्यांवरून ओळखायचे, त्याचा चेहरा पाहिला तो फार नंतर. “त्या पोरीचं न्हाणीघरात बसून पाठवणं खरं वाटलं का?” असं विचारलं तर म्हणाले, “भीती खरी वाटली. भीती असली की हात जड होतो, तो आमच्यातही व्हायचा.” बाबा नोकरीबद्दल इतकं सलग पहिल्यांदाच बोलले. आईसुद्धा ताट बाजूला सारून ऐकत बसली होती.

विशाखापट्टणमहून

यांच्या नोकरीमुळे आम्ही इथे राहतो. ‘राझी’मधली सगळी धडपड ज्या बातमीसाठी, ती पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी याच किनाऱ्यासमोर समुद्रतळाशी आहे. 3 आणि 4 डिसेंबर 1971 मधल्या रात्री ती बुडाली. शोधायला आली होती आपल्या विमानवाहू ‘विक्रांत’ला, आणि ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानकडे हलवलेली होती. आमच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर त्या युद्धाचं स्मारक आहे. सिनेमा पाहीपर्यंत मी त्याच्या कट्ट्यावर बसून शेंगा खायचे. आता मुलांना तिथे उभं करून सगळं सांगते.

कोल्हापूर

सगळे शांत हेरपटांच्या मागे लागलेत म्हणून थोडं बाँडच्या बाजूने लिहितो. मला पळापळ आवडते आणि ‘कॅसिनो रॉयल’ मनापासून आवडला. पण आठवतोय कुठला प्रसंग, तर जिन्यातल्या मारामारीनंतर त्याच्याबरोबरची व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली असते आणि बाँड तसाच कपड्यांसकट तिच्या शेजारी जाऊन बसतो. माणूस मेलेला पाहिल्यावर साध्या माणसाचं काय होतं, हे बाँडपटात मी पहिल्यांदा पाहिलं. डॅनियल क्रेगला त्या दिवसापासून मानतो.

अहिल्यानगर

पेशाने वकील. ‘ब्रिज ऑफ स्पाइज’ आमच्या ऑफिसातल्या ज्युनिअर मुलांना मुद्दाम दाखवला, कारण माझ्या मते तो हेराइतकाच वकिलाचा चित्रपट आहे. 1957 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत हेर रुडॉल्फ एबेल पकडला जातो आणि विम्याची प्रकरणं चालवणारे जेम्स डोनोव्हन त्याचं वकीलपत्र घेतात. सगळा देश हेराला फाशी द्या म्हणतोय. हे गृहस्थ मात्र झडती कायदेशीर होती का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात आणि पाच विरुद्ध चार अशा एका मताने हरतात. फाशी टळली ती डोनोव्हन यांच्या एका युक्तिवादाच्या मदतीने: उद्या आपला माणूस त्यांच्या हाती लागला, तर बदल्यात द्यायला हा जिवंत हवा. आणि 1960 च्या 1 मे रोजी अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्सचं यू-2 हेरविमान रशियावर पाडलं गेलं. 10 फेब्रुवारी 1962 ला बर्लिनच्या ग्लीनिके पुलावर अदलाबदल झाली. वकिलाची दूरदृष्टी म्हणतात ती ही.

हे मला इतकं भिडलं त्याला कारण आहे. एका गाजलेल्या खटल्यात आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव मी ज्या गावी तेव्हा काम करत होतो तिथे झाला होता. असे ठराव बेकायदा आहेत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट सांगितलंय. मी उभा राहिलो. घरी मंडळी धास्तावली होती, ओळखीचे लोक रस्ता बदलत होते. चित्रपटात लोकलच्या डब्यात लोक पेपरातला फोटो बघतात आणि मग डोनोव्हनकडे बघतात, ती नजर मी ओळखतो. टॉम हँक्सने तिथे काहीच केलेलं नाही, नुसता बसलाय. तसंच बसावं लागतं.

मार्क रायलन्सचा एबेल तर काय सांगू. तुम्हाला काळजी वाटत नाही का, असं विचारलं की त्याचं एकच उत्तर, त्याने काही फायदा होईल का? आमच्या ज्युनिअरने ते कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

धागाकर्ता

वकीलसाहेब, तुमचा अनुभव दोनदा वाचला. आज रात्री ‘ब्रिज ऑफ स्पाइज’ नक्की. रविवारसाठी ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ काढून ठेवलाय. कोणी पाहिला असेल तर सांगा, लोक म्हणतात कळत नाही.

नागपूर

कळतो हो, फक्त मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. स्मायली झालेल्या गॅरी ओल्डमनच्या चष्म्यावर लक्ष ठेवा. नोकरी गेल्यावर तो नवा चष्मा घेतो. जुना चष्मा दिसला की प्रसंग आधीचा, नवा दिसला की आताचा. एवढं धरलं की काळाची गुंतागुंत सुटते. ख्रिसमसच्या पार्टीचे तुकडे मधून मधून येतात, त्यात कोण कोणाकडे बघतंय ते सोडू नका. सबटायटल्स लावा, माणसं फार पुटपुटतात. आणि पाहून झाला की इथे लिहा, मी तेव्हा स्मायलीबद्दल सविस्तर लिहीन, आत्ता लिहिलं तर शेवट फुटेल.