पोलादी ब्रेसचे हिस्टेरेसिस वेटोळे मध्येच का चिमटते?

प्रश्न – स्थापत्य_विद्यार्थी
नमस्कार. उलटसुलट भाराखाली पोलादाच्या बल-विस्थापन आलेखात भार चढता-उतरता वेगळ्या वाटांनी बनणाऱ्या (हिस्टेरेसिस) वेटोळ्याचे क्षेत्रफळ म्हणजे जिरलेली ऊर्जा, हे समजले. परंतु पोलाद तेच असताना साध्या ब्रेसचे (चौकटीतल्या तिरप्या आधाराचे) वेटोळे मध्ये चिमटल्यासारखे का दिसते? ब्रेस जाड घेतल्यास प्रश्न सुटेल का?

उत्तर – साइटवरचा
एखादी जाडसर तार एकाच जागी भराभर उलटसुलट वाकवा आणि तिथे बोट लावा. लागणारी ऊब म्हणजेच जिरलेली ऊर्जा. 250 मेगापास्कलचे पोलाद लांबी साधारण 0.125 टक्के वाढेपर्यंत सगळी ऊर्जा परत करते. त्यापुढे ते यील्ड होते, म्हणजे कायमचे ताणले जाते, आणि परतीची वाट वेगळी होते. ब्रेस ताणात जवळजवळ पूर्ण लांबीभर यील्ड होतो, पण दाबात त्याआधीच बकल होतो, म्हणजे बाजूला वाकतो, मधोमध बिजागरीसारखा मोडतो आणि त्याची ताकद घसरते. पुढच्या ताणात त्याला आधी सरळ व्हावे लागते, आणि चिमटा तिथेच पडतो. जाडी वाढवल्याने बकलिंग लांबते खरे, परंतु ते वाढीव बल गसेट प्लेट (ब्रेस जोडणारी पट्टी), वेल्ड आणि कॉलम यांनाही पेलावे लागते, हे बहुतेक जण विसरतात.

उत्तर – जुना_डिझायनर
यावर जपानमध्ये 1980च्या दशकात विकसित झालेला उपाय म्हणजे बकलिंग-रोधित ब्रेस. पोलादी पट्टी मॉर्टर भरलेल्या नळीत असते. मधल्या न चिकटणाऱ्या थरामुळे अक्षीय (लांबीच्या दिशेचे) बल पट्टीच घेते आणि नळी तिला फक्त वाकू देत नाही. दाबात पट्टी किंचित फुगते, म्हणून तेवढी फट ठेवावी लागते. वेटोळे दोन्ही बाजूंना भरलेले मिळते.

उत्तर – वेल्ड_तपासनीस
वेटोळे भरण्याआधीच जोड तुटला तर हे सारे व्यर्थ. 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात यील्ड व्हायला हव्या असलेल्या बीमऐवजी अनेक इमारतींत बीम-कॉलम जोडाचे वेल्ड तडकले, विशेषतः बीमच्या खालच्या फ्लँजपाशी (आडव्या पट्टीपाशी). त्यानंतर कॉलमपासून थोड्या अंतरावर बीमच्या फ्लँजच्या कडा मुद्दाम वर्तुळाकार कापून यील्डिंग तिकडे हलवण्याची पद्धत रूढ झाली. कापलेली कडा मात्र घासून गुळगुळीत केलेली असावी. खाच राहिली की तडा तिथूनच निघतो.

स्थापत्य_विद्यार्थी
आभारी आहे. तार वाकवून पाहिली, नवव्यांदा तुटली. माझ्या प्रारूपात ब्रेसची दाबशक्ती ताणशक्तीइतकीच धरली होती. ती आधी दुरुस्त करतो.