कांडी खात्याला कधी सांगायचं: मशीनची आगाऊ रक्कम देताना की मशीन दारात आल्यावर? (आडवा बाणा, हिशेबनीस वगैरे ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

आडवा बाणा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत टेरी टॉवेलचे साधे माग काढून रॅपियर (बिनधोट्याचे वेगवान माग) बसवणं चालू आहे. मशीन कुठलं घ्यायचं यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. माणसांना काय सांगायचं, कधी सांगायचं, कुणी सांगायचं याचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात होतो. माझं मत स्पष्ट आहे. मशीनची आगाऊ रक्कम ज्या दिवशी दिली, त्याच दिवशी कारखान्यात सांगावं, आणि सगळ्यात आधी कांडी खात्याला, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायकांना.

कारण साधं आहे. रॅपियरला धोटा, म्हणजे बाणा (आडवा दोरा) इकडून तिकडे नेणारी होडी, नसतो. बाणा थेट कोनवरून (सुताच्या मोठ्या शंकूसारख्या गुंड्यावरून) जातो, कांडी लागतच नाही. २४ साधे माग असलेल्या शेडमधून ८ काढून ४ रॅपियर बसवले, तर कांडीचं एक तृतीयांश काम त्या दिवशी संपतं. हे लपत नाही. टेप घेऊन पाया मोजणारा गवंडी येतो, महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज जातो, तेवढ्यावर टपरीवरची चर्चा सुरू होते. मालक गप्प बसला की लोक स्वतःच हिशेब मांडतात, आणि तो हिशेब खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतो.

सांगताना चार गोष्टी हव्यात. काय ठरलं. काय ठरलेलं नाही आणि ते कुठल्या तारखेला सांगणार. प्रत्येक खात्याच्या पगाराचं काय. आणि शंका कुणाला विचारायची, त्या माणसाचं नाव. यातली दुसरी गोष्ट बहुतेक मालकांना जड जाते. ‘अजून ठरलेलं नाही’ म्हणणं कमीपणाचं वाटतं. पण ‘१५ तारखेला सांगतो’ म्हटलं आणि १५ तारखेला खरंच उभं राहिलं, अगदी ‘बँकेचं पत्र अजून आलेलं नाही’ एवढंच सांगायला का होईना, तर पुढच्या शब्दाला वजन येतं. १५ तारीख चुकली तर पुढचं कुणी ऐकत नाही.

हिशेबनीस

पूर्ण असहमत. आगाऊ रक्कम दिली म्हणजे मशीन आलं असं होत नाही. कर्ज अडकतं, डिलिव्हरी पुढे जाते. चार महिने आधी सांगितलं तर कांडीवाल्या बायका शेजारच्या कारखान्यात जातील, आणि त्यांनी जावं यात त्यांची काही चूक नाही. पण उरलेल्या १६ साध्या मागांना कांडी कोण भरणार? कांडी नाही म्हणजे माग उभा, माग उभा म्हणजे विणकराचा पीस-रेट (जेवढा माल तेवढा पगार) बुडाला. एका खात्याशी खरं बोलायचं म्हणून दुसऱ्या खात्याचा पगार घालवायचा?

कामाच्या अटी बदलायच्या तर कायद्याने २१ दिवसांची सूचना लागतेच. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये ती कलम ९अ खाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती कलम ४० मध्ये आहे. बसवण्याची तारीख पक्की झाली की सूचना लावा, सभा घ्या, आकड्यानिशी सांगा. अर्धवट बातमी प्रामाणिकपणाच्या नावाखाली वाटणं म्हणजे मालकाने आपल्या डोक्यावरची काळजी कामगाराच्या डोक्यावर ठेवणं.

कांडी ते कोन

दोघांच्याही बोलण्यात कांडीवाली म्हणजे कुणालातरी ‘सांगायची’ बाई झाली आहे. तिला नेमकं काय मिळणार, हे कुणीच लिहिलं नाही.

टॉवेल कारखान्यात कांडीनंतर जाता येईल अशी कामं मोजकी: कोन वाइंडिंग, बाजूची व आडवी शिलाई, तपासणी, घडी आणि पॅकिंग. हातात दोरा ओळखणारी बाई कोन वाइंडिंगला लवकर रुळते, पण तिथे जागा थोड्या. शिलाईला तीन-चार आठवडे धरा, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला डोळ्यांमुळे मशीन जमेलच असं नाही. तपासणीला नजर आणि पाय दोन्ही लागतात, आठ तास उभं राहायचं. म्हणून ‘सगळ्यांना दुसरीकडे घेऊ’ हे वाक्य सभेत बोलूच नये. त्याऐवजी यादी करावी: जागा किती, कोणत्या कामाच्या, शिकताना पगार कोणत्या दराने. आणि यादी लागण्याआधी प्रत्येकीशी पाच मिनिटं एकटीशी बोलावं. बाई सभेत सगळ्यांसमोर ‘मला डोळ्यांनी कमी दिसतं’ असं म्हणणार नाही.

जिला जागा नाही तिचे पैसे वेगवेगळे मांडून दाखवा. वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर कपातीची भरपाई: पूर्ण झालेल्या दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी, शेवटच्या मासिक पगाराला २६ ने भागून १५ ने आणि वर्षांनी गुणायचं. भरपाई आणि ग्रॅच्युइटी दोन्ही द्यायच्या असतात. एक दिली म्हणून दुसरी फिटत नाही. नव्या संहितेत शेवटच्या पगाराच्या हिशेबाने आणखी १५ दिवसांचे पैसे पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत तिच्या खात्यात जायला हवेत. घोळ होतो तो हजेरीच्या वहीत. पीस-रेटवर आहे म्हणून नावच नसतं, किंवा मधे खाडे दाखवून नोकरी तोडलेली असते. ज्याची वही अशी आहे त्याने आधी वही नीट करावी, मग प्रामाणिकपणावर बोलावं.

हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे. ‘शेवटचा साधा माग ठरल्या तारखेला बंद होईपर्यंत थांबलात तर ठरलेल्या भरपाईवर इतकी जादा रक्कम’ असं लिहून द्या. लेखी मिळालं तर बाई थांबते. तोंडी ‘बघू तुमचं’ म्हटलं तर ती थांबणार नाही.

हिशेबनीस

थांबण्याबद्दल जादा रक्कम, हे मान्य. ती मशीनच्या खर्चातच धरायला हवी, प्रकल्प अहवालात तो रकाना नसतो ही चूकच. पण तारीख पक्की झाल्याशिवाय ‘ठरल्या तारखेपर्यंत’ लिहिणार कसं? माझा मुद्दा तिथेच उभा आहे.

जुना जॉबर

तारखेचा वाद घालताना तुम्ही दोघे विणकराला विसरलात. आडवा बाणा यांनी फक्त कांडीचा हिशेब मांडला, विणकराचा टाळला. ८ साधे माग म्हणजे दोन-दोनच्या हिशेबाने पाळीला ४ विणकर. ४ रॅपियरला एक विणकर आणि फार तर एक मदतनीस. म्हणजे पाळीला २ ते ३ माणसं जास्त, दोन पाळ्यांत ४ ते ६. चौथी शिकलेला माणूससुद्धा हे बोटांवर मोजतो. मालक हा आकडा स्वतः बोलला नाही तर बाकी सगळं बोलणं वाया.

आता उत्पादन. उदाहरणापुरतं धरा, साधा माग मिनिटाला १२० पिक (बाण्याचे फेरे), कार्यक्षमता ६५ टक्के. ८ मागांचे मिळून ६२४. रॅपियर २४० पिक, ८५ टक्के, ४ चे मिळून ८१६. म्हणजे सुमारे ३० टक्के माल वाढला. सभेत एवढंच सांगितलं जातं. पण ८५ टक्के पहिल्या दिवशी येत नाही. सुरुवातीचे कित्येक आठवडे ५५ च्या आसपास घुटमळतात. ८ तासांच्या पाळीत शंभर टक्क्यांनी एका मागाचे १,१५,२०० पिक. ५५ टक्क्यांनी ६३,३६०. ८५ टक्के धरून नवा पीस-रेट लावला असेल तर विणकराच्या हातात ठरल्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी पडतो, आणि तोही त्याची चूक नसताना.

चूक कुठे असते ते सांगतो. साध्या मागावर चाललेलं केसाळ सूत रॅपियरच्या वेगाला तुटतं. खळ (सुताला द्यायची कांजी) कमी बसली की ताणा (उभा दोरा) तुटतो. कोन सैल भरला की बाणा अडकतो. गाठ मोठी राहिली की फणीत अडते. दुपारी शेड कोरडी पडली की पाइलचा (टॉवेलवरच्या फाशांचा) ताणा आधी जातो. यातलं एकही विणकराच्या हातात नाही. त्यात मागावरचे दिवे. कुठला रंग ताण्याचा, कुठला बाण्याचा, कुठला बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपल्याचा हे शिकवलं नाही तर माणूस दिवा बघत जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट पाहत उभा राहतो. मागाच्या कंपनीनुसार रंग बदलतात, म्हणून आपल्या मशीनचा तक्ता मोठ्या अक्षरात मागाशेजारी लावा.

आणि जॉबरला सगळ्यांच्या आधी सांगा. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस उद्या पॅनेलसमोर नवशिका होणार. बाहेरून आलेला कंपनीचा मेकॅनिक त्याच्यादेखत त्याच्या लोकांना हुकूम सोडायला लागला की तो मनातून बाजूला होतो. मग अडलेला माग अडलेलाच राहतो. मशीन बसवताना जॉबर पहिल्या बोल्टपासून मेकॅनिकच्या शेजारी असला पाहिजे, त्या दिवसांत साध्या मागांसाठी दुसरी सोय करून.

आडवा बाणा

विणकरांचा आकडा मी लिहायला हवा होता. मुद्दा मान्य. आणि यामुळेच लवकर सांगण्याचं माझं मत पक्कं होतं. ४ ते ६ माणसं जास्त होणार हे चार महिने आधी माहीत असेल तर तेवढ्या काळात सुटणारी माणसं भरायची नाहीत, जास्तीच्यांना शिलाई-पॅकिंगकडे वळवायचं, हे जमतं. २१ दिवसांत फक्त काढणंच जमतं.

पूर्वभाग

सांगायचं कुठल्या भाषेत, यावर कुणी लिहिलंच नाही. आपल्या शेडमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी सगळं चालतं. तेलुगू बोलणाऱ्यांसाठी तेलुगूत छापलेली नोटीस लावली की काम झालं असं वाटतं. पण घरात तेलुगू बोलणारे कित्येक जण मराठी शाळेत शिकलेले आहेत, त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. म्हणून लिहायचं मराठीत, बोलायचं तेलुगूत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नोटिशीचा फोटो आणि सोबत दोन मिनिटांचा तेलुगूतला आवाज, तसाच कन्नडमध्ये. तो आवाज मुकादमाचा नको. मालकाचा असावा, मोडका असला तरी चालेल. मुकादमाच्या तोंडून आलं की ‘मुकादमाने मधे काय घातलं’ हीच चर्चा होते.

चालू शेडमध्ये बोलू नका. मागांच्या आवाजात चार फुटांवर ऐकू येत नाही, लोक मान डोलावतात आणि निघून जातात. पाळी बदलताना १० मिनिटं सगळे माग थांबवा. २४ मागांचे १० मिनिटं म्हणजे ४ माग-तास. एवढा खर्च करायचा.

दिवसही बघा. बोनसच्या सभेत बदलाची बातमी मिसळू नका; बोनस हा हक्क आहे, तो बदलाचा मोबदला वाटायला लागतो. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, या आठवड्यांत निम्मी पाळी नसते. जे नव्हते त्यांना दुसऱ्याकडून कळतं, आणि तिथूनच दोन गोष्टी तयार होतात.

हिशेबनीस

भाषेबद्दलचं लगेच अमलात आणावं असं आहे. पण एक विचारतो. मालकाने खरं बोलायचं म्हणजे किती? कर्जाचा हप्ता, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे, हेही सांगायचं? ते सांगितलं तर माणसं घाबरतात. न सांगता ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हटलं तर खोटं वाटतं.

आडवा बाणा

ज्या गोष्टीने कामगाराचा पगार, पाळी किंवा जागा बदलते ती सांगायची. कर्जाच्या हप्त्याने त्याचं काही बदलत नाही, तो मालकाचा. ऑर्डर कमी झाल्याने पुढच्या महिन्यात पाळी कमी होणार असेल तर ती त्याची बातमी. ‘कुटुंब’ हा शब्द मी पूर्ण टाळेन.

पूर्वभाग

शब्द टाळा, पण नातं नाकारू नका. मुलीच्या लग्नाला उचल मालकच देतो, ती बँक देत नाही. मात्र बदलाच्या काळात त्या उचलीचं काय होणार हे सांगत नाहीत. पीस-रेट घसरलेल्या आठवड्यात उचलीची कापणी तशीच चालू ठेवली तर माणसाच्या हातात काहीच उरत नाही. शिकण्याच्या काळात कापणी थांबवली आहे, व्याज नाही, पुढे अमुक तारखेपासून अमुक इतकी कापू, हे त्याच नोटिशीत हवं. आणि जो निघून जाणार त्याच्या भरपाईतून उचल परस्पर वळती करू नका. दोन हिशेब दोन कागदांवर, त्याची सही घेऊन.

कांडी ते कोन

आणि त्या कागदांची एक प्रत तिच्या हातात.

हिशेबनीस

ठीक. मग शिकण्याच्या काळातली पगाराची हमी किती आठवडे? गेल्या तीन महिन्यांची सरासरी धरून ८ आठवडे, त्यापुढे नाही. त्याहून लांबवलं तर कार्यक्षमता वाढवायची घाई कुणालाच राहत नाही.

जुना जॉबर

८ आठवड्यांत सूतच बदलून आलं नाही तर? हमी कार्यक्षमतेवर बांधा. सलग दोन आठवडे ८० टक्के आले की हमी संपली, नवा दर सुरू. त्याआधी नाही.

हिशेबनीस

उघडी हमी कुठलाही मालक देणार नाही. ८० टक्क्यांची अट घाला, पण वरची मर्यादा १२ आठवडे. आणि नवा दर काय असणार ते पहिल्याच दिवशी लिहून द्या, १२ व्या आठवड्यात वाटाघाट नको.

जुना जॉबर

१२ ला तयार, एका अटीवर. माग किती वेळा थांबला आणि कशाने थांबला याची वही विणकराने स्वतःच्या हाताने भरायची. चारच रकाने: ताणा, बाणा, मशीन, वीज. ताण्याच्या रकान्यात खुणा वाढल्या तर दोष सुताचा किंवा खळीचा, ते आठवडे १२ मध्ये मोजायचे नाहीत.

हिशेबनीस

विजेचे आठवडे वगळायला हरकत नाही, महावितरणची नोंद असते. सुताचे वगळायचे तर वहीवर दर पाळीला जॉबरचीही सही हवी.

जुना जॉबर

सही करायला जॉबर तयार असतो. त्या सहीबद्दल त्याला जबाबदार धरणार असाल तर सूत घेताना त्याला गोदामात बोलवा.