मदत हवी आहे: कुत्रीचे गुरगुरणे थांबले आणि चावणे सुरू झाले, ते गुरगुरणे परत कसे आणावे?

सप्रेम नमस्कार,

प्रश्न आधी मांडते, पार्श्वभूमी नंतर सांगते. आमच्या कुत्रीने गुरगुरणे पूर्णपणे सोडून दिले आहे आणि तिने ते पुन्हा सुरू करावे, अशी माझी इच्छा आहे. हे वाचून काहींना हसू येईल, कारण वर्षभरापूर्वी तेच गुरगुरणे बंद व्हावे म्हणून आम्ही पैसे मोजले होते.

ठमी गावठी आहे, वय अंदाजे 2 वर्षे, वजन 15 किलो. नाशिकमध्ये आमच्या सोसायटीमागे भाजीबाजार भरतो, तिथे ती आम्हाला सापडली तेव्हा साडेतीन महिन्यांची असावी. पिल्लाच्या वयाचा तिसरा ते साधारण चौदावा आठवडा हा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ मानतात, आणि तो तिने भाजीच्या पाट्यांखाली, भावंडांशी झगडून मिळेल ते गिळत काढला होता. घरी आल्यावर बाकी सगळे ती लवकर शिकली. फक्त हाड किंवा भाकरीचा तुकडा तोंडात असताना कोणी जवळ गेले की ती गुरगुरत असे. चावली मात्र एकदाही नव्हती.

त्या वेळी आम्ही एका प्रशिक्षकांना बोलावले. त्यांचे म्हणणे असे की, कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्यामुळे तो घराला टोळी समजतो आणि संधी मिळताच टोळीचा म्होरक्या होऊ पाहतो. म्हणून घरातल्यांनी आधी जेवावे, दारातून आधी बाहेर पडावे, आणि ती गुरगुरली की मानेच्या कातडीला धरून तिला उताणे पाडावे व ती डोळे वळवेपर्यंत तसेच दाबून ठेवावे. आम्ही ते सारे केले, हे मला इथे कबूल केले पाहिजे. तीन आठवड्यांत गुरगुरणे बंद झाले आणि आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांचे नावही सुचवले.

पाच आठवड्यांपूर्वी माझा 9 वर्षांचा मुलगा दिवाणाखाली गेलेला चेंडू काढायला वाकला. ठमी तिथे भाकरीचा तुकडा घेऊन बसली होती. कसलाही आवाज न करता तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला. दोन दात रुतले. जखम नळाखाली साबणाने 15 मिनिटे धुतली, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू केली, आणि ठमीची स्वतःची लस वेळेवर झालेली असूनही तिला 10 दिवस निरीक्षणाखाली ठेवले. ती ठणठणीत आहे, मुलगाही बरा आहे. माझे सासरे मात्र म्हणाले, “न सांगता चावणारं कुत्रं घरात ठेवू नये,” आणि त्यांचे बोलणे मला खोडून काढता आले नाही.

मग एक गोष्ट हाती लागली. ती चावली त्याच्या दोनच दिवस आधी माझ्या भाचीने ठमीचे जेवताना फोनवर चित्रण केले होते. ते मी पुन्हा पुन्हा, गती कमी करून पाहिले. सासरे खुर्चीतून उठतात त्या क्षणी ठमीचे चघळणे थांबते. मान खाली जाऊन ताटलीवर येते, शेपूट हलायची थांबते, कान मागे जातात, आणि डोके न वळवता ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहते, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. एकदा ती स्वतःच्या नाकावरून जीभ फिरवते. हे सगळे चार सेकंदांत घडते. सासरे दुसरीकडे वळतात, आणि ती दुप्पट वेगाने खाऊ लागते. म्हणजे ती न सांगता चावली, हे खरे नव्हते. तिच्या बोलण्यातला आम्हाला कळणारा एकच शब्द आम्ही मारून गप्प केला होता, आणि उरलेले शब्द आम्हाला वाचता येत नव्हते.

त्यानंतर जे वाचले त्यातून प्रशिक्षकांच्या सिद्धान्ताचे मूळही सापडले. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि ते लांडगे एका आवारात एकत्र ठेवलेले होते. म्होरक्याची कल्पना लोकांपर्यंत पोचवण्यात लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. पण त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांमध्ये अनेक उन्हाळे काढल्यावर 1999 साली लिहिले की, नैसर्गिक टोळी ही बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असते. तिथे कोणी लढून म्होरक्या होत नाही. शिवाय ठमीच्या कित्येक पिढ्या शिकारीवर नव्हे, तर माणसाच्या उकिरड्यावर जगल्या आहेत. मिळालेला तुकडा राखणे ही तिच्या दृष्टीने सत्तेची नव्हे, पोटाची बाब असावी, असे मला वाटते.

आता माझ्या शंका. दाबून टाकलेले गुरगुरणे परत येते का, आणि ते यावे म्हणून आपण काही करू शकतो का? तोवर तिच्या ताटलीजवळ कोणी आणि किती अंतरावरून जावे? आणि मुलाला तिच्यापासून किती काळ दूर ठेवावे, कारण तो तिला घाबरलेला नाही आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते? कृपया अनुभवातून सांगावे. तिला कुठे सोडून द्यावे, हा सल्ला मला नको आहे.

प्रतिसाद 1

मी 18 वर्षे गावठी कुत्री पाळतो आहे. ताई, पहिले काम प्रशिक्षणाचे नाहीच. पशुवैद्याकडून दात, कान आणि सांधे तपासून घ्या. हाड चघळणाऱ्या कुत्र्याचा दात तडकलेला असला तर खाताना वेदना होतात, आणि दुखणारे जनावर फार वेळ इशारे देत बसत नाही.

दुसरे काम म्हणजे तिला दार लावून वेगळ्या खोलीत जेवू घाला, आणि हाडे सध्या पूर्ण बंद करा. ही शिक्षा नाही. ज्या प्रसंगात ती चावते, तो प्रसंगच काही आठवडे घडू द्यायचा नाही. दिवाणाखालची जागा फळीने बंद करा.

मग खरा अभ्यास. ती साधे जेवण जेवत असताना कोणत्या अंतरावर तिचे चघळणे थांबते, ते मोजा. समजा ते 7 फूट निघाले, तर आपण 10 फुटांवरून जायचे, जाता जाता उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तिच्या दिशेने टाकायचा, आणि न थांबता, तिच्याकडे न पाहता पुढे निघून जायचे. जेवणात चार-पाच वेळा पुरे. माणूस जवळ आला की ताटलीतले कमी होते, असे तिला वाटते. ते वाढते, असा अनुभव तिला शेकडो वेळा यायला हवा. ती थिजत नाही आणि तुमची वाट पाहत मान वर करते, असे चार-पाच दिवस दिसले की अंतर फूटभराने कमी करा. ताटलीत हात घालून “बघू, चावते का” ही परीक्षा कोणीही, कधीही घेऊ नये. आमच्याकडे एका पाहुण्याने ती घेतली होती आणि माझे दोन महिन्यांचे काम एका मिनिटात वाया गेले.

प्रतिसाद 2

मला हे पटत नाही. आमच्या शेतावर चार कुत्री असत आणि वडिलांनी काठी उगारली की चारही गप्प बसत. इतके लाड केले तर जनावर डोक्यावर बसते.

प्रतिसाद 3

वरील प्रतिसादाचा अनादर न करता एवढेच लिहितो की, शेतावरच्या कुत्र्याला काठीपासून पळून जायला चार एकर असतात. दोन खोल्यांच्या घरात दिवाणाखाली बसलेल्या कुत्रीला फक्त भिंत असते. पळता येत नसेल तर उरतात दोनच मार्ग, थिजणे आणि चावणे. धागाकर्तीच्या कुत्रीने आधी पहिला वापरला, मग दुसरा.

नॉर्वेच्या प्रशिक्षिका तुरीद रुगोस यांनी कुत्र्यांच्या शांतवणाऱ्या खुणांबद्दल जे लिहिले आहे, ते या प्रसंगी उपयोगी पडेल. मान वळवणे, जांभई देणे, नाक चाटणे, जमीन हुंगू लागणे, वळसा घालून येणे या खुणांनी कुत्रा समोरच्याला “ताण नको” असे सांगतो. यातल्या प्रत्येक खुणेचा दर वेळी तोच अर्थ असतो, असे मी मानत नाही, कारण झोप आली तरी कुत्रा जांभई देतोच. पण आपणही त्या वापरू शकतो. तिच्याकडे सरळ रेषेत जाण्याऐवजी कमानीत जावे, वरून वाकू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये.

आणखी एक. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कोणी काही शिकवलेले नसतानाही अशी कुत्री अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात, असे त्यांना आढळले. भेदरलेली कुत्री मात्र मुळात जवळच आली नाहीत. म्हणून ओरडण्यापेक्षा बोट दाखवून तिला तिच्या गोणपाटावर पाठवायला शिकवा. तिथे गेली की खाऊ मिळतो आणि तिथे तिला कोणी हात लावत नाही, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळायचा, मुलाने तर नक्कीच. मोठे माणूस लक्ष देत नसेल तेव्हा दोघे एका खोलीत नकोत. जाळीच्या मुसक्याचीही सवय लावून ठेवा. ते घातल्यावर तिला धापता आणि पाणी पिता आले पाहिजे. कापडी घट्ट पट्टा नको. आणि ज्या दिवशी ती पुन्हा गुरगुरेल, त्या दिवशी कोणीही रागावू नये. जागीच थांबावे, सावकाश मागे सरावे, आणि तिला आपण कुठे फार जवळ गेलो होतो, याची नोंद करावी.

धागाकर्तीचे उत्तर, 24 दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. पशुवैद्यांना तिची वरची एक दाढ खरोखरच तडकलेली आढळली, ती काढली. उताणे पाडण्याच्या दिवसांतही ती दुखत असेल का, हा विचार मनातून जात नाही.

आमचे अंतर 9 फूट निघाले. रोज दोन्ही जेवणांच्या वेळी मी आणि माझे पती आळीपाळीने जातो. आता मी कोंबडीचा डबा उघडला की ती ताटली सोडून माझ्याकडे पाहते, शेपटी सैल असते. गोणपाटावर ती बोट दाखवताच जाते. ते शिकायला तिला दोन दिवस लागले, आणि तिला तिथे हात न लावायला शिकायला आमच्या चिरंजीवांना आठवडा लागला.

गेल्या मंगळवारी सासरे तिच्या गोणपाटावर पडलेला चष्मा उचलायला वाकले. तिच्या घशातून बारीक आवाज आला. मी स्वयंपाकघरातून धावले, तर सासरे होते तिथेच उभे होते. ते दोन पावले मागे सरले आणि मला म्हणाले, “चष्मा राहू दे, ती उठली की घेऊ.” चष्मा आम्ही अर्ध्या तासाने घेतला.

प्रतिसाद 1 लिहिणाऱ्यांना एक विचारायचे आहे. माझ्या आणि पतींच्या बाबतीत आम्ही 6 फुटांवर पोचलो आहोत, पण सासरे उठले की ती अजून 9 फुटांवरच थिजते. त्यांच्यासाठी अंतर वेगळे मोजून सुरुवातीपासून जावे, की ते माझ्याबरोबर चालले तर चालेल?